सूक्ष्मप्लास्टिक, नॅनोपदार्थ आणि शहरी सांडपाणी : नोएडाच्या निमित्ताने

यमुना आणि हिंडन या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेले नोएडा हे नियोजित औद्योगिक शहर म्हणून ओळखले जाते. उत्तर प्रदेश औद्योगिक क्षेत्र विकास अधिनियम, १९७६ अन्वये त्याच वर्षी या शहराची पायाभरणी झाली. शहराला मिळणारे पाणी हे वरच्या गंगा कालव्याचे पाणी आणि भूजल यांचे मिश्रण असते. वापरून झालेले पाणी सेक्टर ५०, ५४, १२३ व १६८ येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्रांकडे जाते. प्रक्रिया झालेल्या पाण्याचा काही भाग उद्यानांना व बांधकामांना पुरविला जातो आणि उरलेला नाल्यांवाटे यमुनेस मिळतो. यमुना पुढे मथुरा व आग्रा या शहरांकडे वाहत जाते. एका शहराचे सांडपाणी हे नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या शहराच्या जलस्रोताचा भाग बनते, ही वस्तुस्थिती भारतातील बहुतेक सर्व नदीकाठच्या शहरांना लागू पडते.

या पाण्याबरोबर आता एक नवा घटक प्रवास करू लागला आहे, तो म्हणजे डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे कण. ते पाण्यातून वेगळे करण्यासाठी नॅनोपदार्थांचा वापर करता येईल काय, यावर जगभर व भारतातही संशोधन चालू आहे. प्रयोगशाळेतील निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. तथापि, कण पाण्यातून बाजूला काढणे आणि तो पर्यावरणातून नाहीसा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे ठरते.

सूक्ष्मप्लास्टिक म्हणजे काय?

ब्रिटिश सागरी शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधामुळे ‘मायक्रोप्लास्टिक’ ही संज्ञा रूढ झाली. सर्वसाधारणपणे ५ मिलिमीटरपेक्षा लहान आकाराच्या प्लास्टिकच्या कणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हटले जाते. भारतात प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत मार्च २०२४ मध्ये करण्यात आलेल्या दुरुस्तीत मात्र १ ते १,००० मायक्रॉन आकाराचा, पाण्यात न विरघळणारा घन प्लास्टिक कण अशी अधिक काटेकोर व्याख्या आहे. १ मायक्रॉनपेक्षाही लहान कणांना सामान्यतः नॅनोप्लास्टिक असे संबोधले जाते.

उगमानुसार या कणांचे दोन प्रकार पडतात. मुळातच सूक्ष्म आकारात तयार झालेले किंवा वापराच्या वेळी झिजून त्याच आकारात बाहेर पडणारे कण प्राथमिक होत. सौंदर्यप्रसाधनांतील मणी, कृत्रिम कापड धुताना सुटणारे तंतू आणि टायरच्या झिजेतून निघणारी भुकटी ही त्यांची उदाहरणे आहेत. पिशव्या, बाटल्या, दोर, जाळी अशा मोठ्या वस्तूंचे ऊन, वारा व घर्षण यांमुळे तुकडे होऊन बनलेले कण दुय्यम होत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार समुद्रात पोहोचणाऱ्या प्राथमिक सूक्ष्मप्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के कण कृत्रिम कापडाच्या धुलाईतून, तर सुमारे २८ टक्के कण टायरच्या झिजेतून येतात.

नोएडाच्या संदर्भात ही आकडेवारी विशेष बोलकी आहे. उत्तर प्रदेश शासनाच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत गौतम बुद्ध नगर जिल्ह्याचे उत्पादन म्हणून तयार कपड्यांची निवड झालेली आहे. शहरात मोटारींची वर्दळ मोठी आहे आणि घरोघरी कपडे धुण्याची यंत्रे आहेत. पॉलिस्टर व नायलॉनचे तंतू यंत्राच्या पाण्याबरोबर थेट गटारात जातात. दिल्ली परिसरातील यमुनेच्या पाण्याबाबत टेरी या संस्थेच्या २०२५ मध्ये समोर आलेल्या अभ्यासातही तंतुरूप कणांचेच प्राबल्य आढळले.

प्रश्नाचे गांभीर्य

हा प्रश्न एका नदीपुरता मर्यादित नाही. टॉक्सिक्स लिंक या दिल्लीस्थित संस्थेने २०२१ मध्ये गंगेच्या पाण्याचे हरिद्वार, कानपूर व वाराणसी येथील निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिन्ही ठिकाणी सूक्ष्मप्लास्टिक आढळले. त्याच वर्षी या संस्थेने राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सहकार्याने गोव्यातील नळाच्या पाण्याची तपासणी केली, तेव्हा तेथेही असे कण मिळाले. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी सुमारे २ लाख ४० हजार प्लास्टिक कण असल्याचे दाखवून दिले. त्यांतील सुमारे ९० टक्के कण नॅनोप्लास्टिकचे होते. आधीच्या मोजणी-पद्धतींना हे अतिसूक्ष्म कण दिसतच नव्हते, असा याचा अर्थ आहे.

आरोग्यावरील परिणामांविषयी विधान करताना सावधगिरी बाळगली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात पिण्याच्या पाण्यातील सूक्ष्मप्लास्टिकच्या धोक्याविषयी ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा उपलब्ध नसल्याचे नमूद करून अधिक संशोधनाची गरज व्यक्त केली होती. मार्च २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात इटलीतील २५७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मानेतील रोहिणीच्या आतील थरात ज्यांच्या बाबतीत प्लास्टिकचे कण सापडले, त्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका इतरांच्या सुमारे साडेचार पट असल्याचे त्यात दिसून आले. हा सहसंबंध आहे. कार्यकारणभाव त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु पुरावा पूर्ण होईपर्यंत वाट पाहिल्यास दरम्यान साचलेले प्लास्टिक परत काढता येणार नाही. पर्यावरण कायद्यातील ‘खबरदारीचे तत्त्व’ नेमके अशाच परिस्थितीसाठी आहे.

प्रचलित प्रक्रियेची मर्यादा

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात प्रथम जाळ्यांद्वारे मोठा कचरा अडविला जातो, नंतर वाळू व जड पदार्थ तळाशी बसू दिले जातात आणि पुढे जिवाणूंच्या साहाय्याने सेंद्रिय घाण विघटित केली जाते. ही केंद्रे प्लास्टिकचा विचार करून बांधलेली नाहीत. तरीही जड कण गाळाबरोबर खाली बसतात, हलके कण फेसाबरोबर वर येतात आणि एकूण सूक्ष्मप्लास्टिकचा फार मोठा भाग पाण्यातून वेगळा होतो.

मग उणीव कोठे आहे? स्कॉटलंडमधील ग्लासगोजवळच्या, सुमारे साडेसहा लाख लोकसंख्येइतका भार पेलणाऱ्या केंद्राचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ते केंद्र ९८ टक्क्यांहून अधिक सूक्ष्मप्लास्टिक अडवीत होते. तथापि, उरलेल्या दोन टक्क्यांहूनही कमी भागातून दररोज सुमारे साडेसहा कोटी कण नदीत जात होते. टक्केवारी समाधानकारक आणि निव्वळ संख्या चिंताजनक, असे हे चित्र आहे. शिवाय निसटणारे कण प्रामुख्याने सर्वांत लहान आकाराचे असतात.

दुसरी बाब गाळाची. पाण्यातून वेगळे झालेले प्लास्टिक गाळात राहते आणि तो गाळ खत म्हणून शेतात टाकला गेल्यास प्लास्टिक नदीऐवजी जमिनीत पोहोचते. प्रदूषणाचे केवळ स्थलांतर होते, निर्मूलन होत नाही.

नॅनोपदार्थ काय करतात?

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. ज्या पदार्थाची किमान एक मिती साधारण १ ते १०० नॅनोमीटर इतकी असते, त्याला नॅनोपदार्थ म्हणतात. त्याचे सामर्थ्य मुख्यतः पृष्ठफळात आहे. एक सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाचे एकूण पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केल्यास वस्तुमान तेवढेच राहून एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे दीड एकर होते. पाण्यातील अशुद्धी पृष्ठभागावर चिकटत असल्यामुळे अल्प वस्तुमानाच्या पदार्थाला फार मोठे काम करता येते. या तत्त्वावर आधारित चार प्रमुख पद्धती सांगता येतील.

पहिली पद्धत अधिशोषणाची. यात कण पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. पाण्यातील प्लास्टिकच्या कणांवर बहुधा ऋण विद्युत्‌भार असतो, म्हणून धन भार असलेला पदार्थ त्यांना आकर्षून घेतो. पाण्याची आम्लता बदलली की हा भार बदलतो आणि कार्यक्षमताही बदलते. त्यामुळे कोणत्याही दाव्याबरोबर पाण्याची आम्लता किती होती, हे विचारणे आवश्यक असते.

दुसरी पद्धत चुंबकीय विलगीकरणाची. लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण प्लास्टिकला चिकटतात आणि नंतर चुंबकाच्या साहाय्याने दोन्ही एकत्रच बाहेर ओढून घेतले जातात. ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठाने २०२२ मध्ये असाच एक चुंबकीय पदार्थ विकसित केल्याचे जाहीर केले.

तिसरी पद्धत प्रकाश-उत्प्रेरणाची. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड यांसारख्या पदार्थांवर योग्य प्रकाश पडला की पाण्यात अत्यंत क्रियाशील मूलके तयार होतात. ती प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात आणि विघटन पूर्ण झाल्यास शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. विघटन अर्धवट राहिले तर मात्र सूक्ष्मप्लास्टिकचे नॅनोप्लास्टिक होऊन मूळ प्रश्न अधिक बिकट बनण्याची शक्यता असते.

चौथी पद्धत पटलांची. नॅनोपदार्थ मिसळून तयार केलेली पटले अतिसूक्ष्म छिद्रांतून पाणी जाऊ देतात आणि कण अडवितात. छिद्रे लवकर बुजणे आणि पाणी दाबाने ढकलण्यासाठी लागणारी वीज, या तिच्या मर्यादा होत.

भारतीय संशोधन

नॅनोविज्ञानात भारताने तुलनेने लवकर पाऊल टाकले. २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह ‘नॅनो मिशन’ सुरू झाले. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे त्याची धुरा होती. पेयजल शुद्धीकरणात त्याचे फळही दिसले. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने नॅनोपदार्थांच्या आधारे पाण्यातील आर्सेनिक काढणारे ‘अमृत’ तंत्रज्ञान विकसित केले आणि ते प्रयोगशाळेबाहेर लोकवस्त्यांपर्यंत पोहोचले.

सूक्ष्मप्लास्टिकच्या क्षेत्रात बंगळूरु येथील भारतीय विज्ञान संस्थेचे कार्य उल्लेखनीय आहे. प्रा. सूर्यसारथी बोस यांच्या गटाने २०२४ मध्ये एक जलधारक जेल तयार केल्याचे प्रसिद्ध झाले. कायटोसान, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि पॉलिॲनिलीन या तीन बहुवारिकांचे एकमेकांत गुंफलेले जाळे, असे त्याचे स्वरूप आहे. कायटोसान हा पदार्थ कोळंबी, खेकडे यांच्या कवचांपासून मिळतो. या जाळ्यात तांबेयुक्त उत्प्रेरकाचे नॅनोपुंज बसविलेले आहेत. जाळे कण पकडते आणि अतिनील किरणांच्या साहाय्याने उत्प्रेरक त्यांचे विघटन करतो. पॉलिव्हिनाइल क्लोराइड व पॉलिप्रॉपिलीन या दोन प्लास्टिकवर झालेल्या चाचण्यांत जवळपास उदासीन पाण्यात अनुक्रमे सुमारे ९५ व ९३ टक्के कण निघाले. हे जेल पाच वेळा वापरता आले. निकामी झाल्यावर त्यापासून कार्बनी नॅनोपदार्थ बनवून ते पाण्यातील घातक क्रोमियम काढण्यासाठी वापरता येतात, असेही संशोधकांनी दाखविले. पकडलेल्या कणाचे आणि जुन्या झालेल्या पदार्थाचे पुढे काय, या दोन्ही प्रश्नांचा विचार येथे आरंभापासून झालेला आहे. काढून टाकण्याच्या टक्केवारीइतकेच या विचाराला महत्त्व आहे.

प्रयोगशाळेपासून प्रक्रिया केंद्रापर्यंत

चंचुपात्रातील यश आणि शहराच्या केंद्रातील यश यांत मोठे अंतर असते. एका काल्पनिक उदाहरणाने ते स्पष्ट होईल. समजा, एखादे केंद्र दररोज १० कोटी लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करते. येणाऱ्या पाण्यात लिटरमागे ५०० कण असून ९८ टक्के कण प्रचलित प्रक्रियेत अडतात. म्हणजे लिटरमागे १० कण उरतात आणि दररोज १०० कोटी कण बाहेर जातात. ते पकडण्यासाठी लिटरमागे केवळ १०० मिलिग्रॅम नॅनोपदार्थ लागतो असे धरले, तरी दररोज १० टन पदार्थ पाण्यात मिसळावा लागेल. तो पाच वेळा वापरता आला तर रोजची नवी खरेदी २ टनांवर येईल. परंतु दर वेळी परत मिळविताना पाच टक्के पदार्थ निसटला, तर दररोज अर्धा टन नॅनोपदार्थ नदीत जाईल. प्लास्टिक काढण्याच्या खटपटीत आपण दुसरेच सूक्ष्म प्रदूषक पाण्यात सोडले, असे व्हायचे.

या हिशेबातून तीन निष्कर्ष निघतात. एक, काढून टाकण्याच्या टक्केवारीइतकेच पदार्थाच्या पुनर्प्राप्तीचे व पुनर्वापराचे प्रमाण निर्णायक असते. म्हणूनच मोकळी भुकटी पाण्यात टाकण्यापेक्षा जेल, पटल किंवा दाणेदार थर यांत नॅनोपदार्थ पक्का बसविणे श्रेयस्कर ठरते. दोन, खऱ्या सांडपाण्यात साबण, तेल व सेंद्रिय घाण असते आणि तीही त्याच पृष्ठभागावर चिकटते. त्यामुळे नॅनोपदार्थांची योजना पहिल्या टप्प्यावर न करता, प्रचलित प्रक्रियेनंतरचा अंतिम शोधन टप्पा म्हणूनच केली पाहिजे. तीन, तुलना करताना केवळ पदार्थाची किंमत न धरता वीज, पुनर्प्राप्ती, गाळाची विल्हेवाट व अंतिम निचरा यांसह संपूर्ण जीवनचक्राचा खर्च धरावा लागतो.

अर्थशास्त्रातील सीमांत खर्चाचा नियमही येथे लागू पडतो. पहिले ९० टक्के कण काढणे तुलनेने स्वस्त असते. त्यानंतरचा प्रत्येक टक्का अधिकाधिक महाग होत जातो. म्हणून अखेरच्या टक्क्यांवर खर्च करावयाचा की कण उगमाशी रोखावयाचे, ही निवड तांत्रिक असण्यापेक्षा आर्थिक अधिक आहे.

खर्चाचा भार कोणी सोसावा?

उत्पादक आणि ग्राहक यांच्या व्यवहारात जो खर्च तिसऱ्यावर पडतो, त्यास अर्थशास्त्रात ऋणात्मक बाह्यता म्हणतात. स्वस्त पॉलिस्टरच्या किमतीत नदीच्या शुद्धीकरणाचा खर्च समाविष्ट नसतो. आज तो खर्च प्रत्यक्षात घरोघरी विभागला गेला आहे. ज्यांना परवडते ते व्यस्त परासरण तंत्राचे शुद्धीकरण यंत्र बसवितात. त्यात बरेच पाणी वाया जाते. म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये जेथे विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे, तेथे अशा यंत्रांवर निर्बंध घालण्याचे निर्देश दिले होते. ज्यांना यंत्र परवडत नाही, ती कुटुंबे मिळेल ते पाणी पितात. शुद्ध पाणी ही विकत घेण्याची वस्तू बनली की नदीच्या खालच्या अंगाचा गरीब रहिवासी वरच्या अंगाच्या उपभोगाची किंमत मोजू लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर नागरिक कल्याण मंच खटल्यात ‘प्रदूषकाने भरपाई द्यावी’ हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे मान्य केले आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० मध्ये त्यास वैधानिक स्थान मिळाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लास्टिक वेष्टनांसाठी उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची चौकट अधिसूचित झाली. मात्र कापडातून सुटणारे तंतू व टायरची झीज यांचा समावेश वेष्टनांत होत नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सुधारलेल्या नागरी सांडपाणी निर्देशात सूक्ष्म प्रदूषके काढण्याच्या अतिरिक्त टप्प्याचा किमान ८० टक्के खर्च औषधे व सौंदर्यप्रसाधने यांच्या उत्पादकांवर टाकला आहे. भारतात कृत्रिम धागा व टायर उद्योगांच्या बाबतीत अशा तत्त्वाचा विचार होण्यास वाव आहे.

धोरणाची दिशा

पहिली गरज मोजमापाची आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकात सूक्ष्मप्लास्टिकसाठी मर्यादा नाही. प्रमाणित मोजणी-पद्धतीवाचून मर्यादा ठरविता येत नाही आणि मर्यादेवाचून प्रक्रिया केंद्रावर कायदेशीर बंधन येत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२४ मध्ये अन्नातील सूक्ष्म व नॅनोप्लास्टिकच्या प्रमाणित मोजणीसाठी प्रकल्प हाती घेतला. पाण्यासाठीही समांतर प्रयत्न हवेत.

दुसरी गरज उगमाशी नियंत्रणाची आहे. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक बंदीची अधिसूचना काढली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर निवडक एकल-वापर वस्तूंवर बंदी आली. धुलाई यंत्रांना तंतू अडविणारी गाळणी बसविणे हा यापुढील स्वाभाविक टप्पा आहे. नोएडा, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या वस्त्रकेंद्रांत तशीच व्यवस्था कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी करता येईल. आंतरराष्ट्रीय पातळीवर ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हा बैठकीतही प्लास्टिक करारावर एकमत होऊ शकले नाही, त्यामुळे राष्ट्रीय प्रयत्नांचे महत्त्व वाढले आहे.

तिसरी गरज प्रात्यक्षिक प्रकल्पांची आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये नोएडातील बांधकामांसाठी भूजल उपशास मनाई केल्यानंतर प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याला तेथे मागणी निर्माण झाली. जेथे पुनर्वापर होतो, तेथे पाण्याच्या दर्जाला किंमत असते. म्हणून अशाच एखाद्या केंद्रावर नॅनोपदार्थांचा अंतिम टप्पा वर्षभर, उन्हाळ्यात व पावसाळ्यात चालवून पाहणे उपयुक्त ठरेल. त्यात बाहेर पडणाऱ्या पाण्यातील प्लास्टिकबरोबरच निसटलेल्या नॅनोपदार्थाचीही मोजणी झाली पाहिजे.

अशा रीतीने पाहिले असता नॅनोपदार्थ हे सूक्ष्मप्लास्टिकच्या प्रश्नावरील पर्यायी उत्तर नसून पूरक उत्तर आहे. यापूर्वीच पाण्यात गेलेले आणि यापुढेही अटळपणे जाणारे सर्वांत लहान कण पकडण्यासाठी त्याची गरज भासेल. परंतु पकडलेला कण कोठे जातो आणि त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, या दोन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय नोएडाच्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी खऱ्या अर्थाने स्वच्छ झाले असे म्हणता येणार नाही. ते पाणी शेवटी मथुरेच्या आणि आग्र्याच्या काठाने वाहत जाणार आहे.